अठरा चौरस फूट

७ जानेवारी, मंगळवार

एकशे वीस! ह्याच्यावर एक दमडी वाढवणार नाही म्हणे गणवेशवाला. वीस एप्रन मोजून घेतले, प्रत्येकाच्या नाड्या ओढून बघितल्या, खुशीत मान हलवली, आणि भावाचं बोलले तर म्हणतो, "ताई, मार्केट डाऊन आहे." गेली सहा वर्षं ह्याचं मार्केट डाऊनच आहे. दुकान मात्र दुमजली झालं.

घरी येऊन आईवर चिडले. ती खिडकीपाशी खाटेवर बसून उलट्या शिवलेल्या नाड्या पिनेने सुलट्या करत होती. म्हणाली, "चिमे, त्याचा राग त्याच्याकडेच ठेवून यायचा ना. इथे आधीच जागा कमी."

९ जानेवारी

खालच्या हिशेबनीस काकांकडे गेले. निवृत्त झालेत, पण आकडा दिसला की हात शिवशिवतात त्यांचे. म्हटलं, काका, रात्रंदिवस मशीन चालवते, महिन्याला शंभर एप्रन जातात, मग हातात काही उरत का नाही?

"कापड किती?" पंच्याऐंशी. "दोरा, पट्ट्या?" पाच. "आणि शिलाई तीस धरतेस. झाले एकशे वीस. मग घरभाडं कोण भरतं?"

म्हटलं, आईच्या नावावर बाबांनी ठेवलेली ठेव आहे. ती थोडी थोडी मोडतो.

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुझे निम्मे एप्रन तुझी आईच विकत घेते. दुकानदार नाही."

मी हसले. घरी येऊन पासबुक काढलं तेव्हा हसू गेलं. दीड वर्षाचं भाडं उरलंय. दीड वर्ष! मग आम्ही दोघींनी कुठे जायचं? दादाकडे? नवरा सोडून गेला तेव्हा शपथ घेतली होती — कुणाच्या दारात उभी राहणार नाही म्हणून.

१२ जानेवारी, रविवार

काकांनी गृहपाठ दिलाय. धंद्याचा वरखर्च काढायचा — जो कापडात दिसत नाही पण कापडासारखाच संपतो, तो. वीज, फोन, सुया, मशीनचं तेलपाणी, कात्रीची धार, माल पोचवायचं भाडं. आणि घरभाड्यातला वाटा. "कामाची खोली मोजून आण. त्यात बिनकामाची जागा किती, तेही लिही."

मोजमाप केलं. टेपचं दुसरं टोक धरायला आई. भिंत ते भिंत, मग मशीन, मग कपाट, मग तिची खाट. सहा बाय तीन. खाट मोजताना ती उठेना, टेप अंगावरूनच नेला. "माझी मापं घेतेस की काय? सैल ठेव गं, आता कुठे अंग धरतेय!"

दोघी पोट धरधरून हसलो.

कागदावर लिहिलं — बिनकामाची जागा : आईची खाट, अठरा चौरस फूट.

१३ जानेवारी

काकांनी मांडलेला हिशेब उतरवून ठेवते. भाड्याचा निम्मा वाटा तीन हजार. वीज सहाशे. बाकी किडूकमिडूक नऊशे. झाले साडेचार हजार. शंभर नगांवर वाटले की नगाला पंचेचाळीस. कापड-दोरा नव्वद, माझी मजुरी तीस. एक एप्रन पडतो एकशे पासष्टला.

आणि मी विकते एकशे वीसला.

"पगार कुणाला देतेस?" काकांनी विचारलं. कुणालाच नाही. "मदतनीस?" नाही. त्यांनी त्या रकान्यात रेघ मारली.

"खर्च लपवला म्हणून तो गप्प बसत नाही," काका म्हणाले. "तो कुणाच्या तरी पोटातून जातो." इतकी वर्षं कुणाच्या पोटातून जातोय ते आज कळलं.

२० जानेवारी, सोमवार

धीर करून गणवेशवाल्याला एकशे ऐंशी सांगितले. तो इतका हसला की त्याचा मॅनेजर बघायला आला. मग एकदम शहाण्यासारखा बोलला. महिन्याला चारशे दे, एकशे पन्नास देतो. सहा महिन्यांचं लेखी. पंचवीस हजार आगाऊ. "पण नाड्या अशाच हव्यात हं, हाताने सुलट्या केलेल्या. इतरांच्या पिळतात, दोन धुण्यांत दोरी होते. तुमच्या सपाट राहतात. गिऱ्हाईक तेवढ्यासाठी तुमचा माल मागतं."

घरी येईपर्यंत बोटांवर मोजत होते. काकांनी लगेच आकडे फिरवले. वरखर्च जास्त नगांवर वाटला गेला की पातळ होतो! विजेचं वाढेल तरी नगाला तेराच. एप्रन पडेल एकशे तेहेतिसाला. माझी तिसाची मजुरी सुटून वर सतरा! ठेवीला हात लावायला नको!

अडचण एकच. चारशे एप्रन कापायला मोठं टेबल पाहिजे. आठ बाय चार. आताचं छोटं हलवलं तरी जागा कमीच पडते. ठेवणार कुठे?

काका म्हणाले, "ती अठरा फूट जागा बिनकामाचीच आहे ना?"

२३ जानेवारी

दुसऱ्या खोलीत ओटा, बाथरूम, कपाट, मी. खाट उभी केली तरी मावत नाही. तीन वेळा मोजलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आईला मी काही म्हटलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते — मी म्हटलं नाही. मी फक्त कागद तिच्यासमोर ठेवला आणि समजावून सांगितलं. ती ऐकत होती, हातातली नाडी सेफ्टी पिनेवर पुढे सरकत होती.

संपूर्ण ऐकल्यावर म्हणाली, "मी जाते की दादाकडे. सहा महिन्यांचा तर प्रश्न. त्याचं घर मोठं आहे, सूनबाई चांगली आहे. तू टेबल आण."

मी म्हटलं, "तुला करमणार नाही तिथे."

"करमायला काय, मी गाणारी आहे का नाचणारी? बसायचं ते इथे बसायचं नाहीतर तिथे."

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू? तिने स्वतःहून म्हटलं ह्याचा आनंद झाला, आणि मग रात्री जेवताना तिच्या पानात जास्त वाढत राहिले. तिने ताट बाजूला सारलं. "पुरे. निरोप आज नाही द्यायचा."

९ फेब्रुवारी, रविवार

दादा गाडी घेऊन आला. आईची एक बॅग, उशी, औषधांचा डबा. सेफ्टी पिनांची डबी तिने बरोबर घेतली. दादा म्हणाला, "आई, आता आराम कर. तिथे तुला काडी इकडची तिकडे करायची नाही." किती प्रेमाने म्हणाला!

ती गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "चिमे, खिडकीचा पडदा दुपारी ओढ. कापडाचा रंग उडतो."

११ फेब्रुवारी

टेबल आलं! एका वेळी बारा एप्रन कापले!

१ मार्च, शनिवार

काहीतरी गंडलंय. काकांच्या हिशेबात एप्रनला अर्धा तास. चारशेचे दोनशे तास. दिवसाला आठ तास बसले की झालं. मी बारा-तेरा तास बसतेय आणि टेबल आल्यापासून दोनशे ऐंशीच झाले. मान दुखतेय. मशीन तेच, हात तेच.

वेळ जातो कुठे?

२ मार्च

कळलं. लिहायला हात धजत नाही.

आज घड्याळ समोर ठेवून एक एप्रन केला. कापणं, शिवणं, इस्त्री — अर्धा तास बरोबर. मग नाड्या. एका नाडीला पाच मिनिटं. तीन नाड्या. पंधरा मिनिटं. चारशे एप्रनांचे शंभर तास.

हे शंभर तास कागदावर कुठेच नाहीत. काकांनी विचारलं होतं, पगार कुणाला देतेस? मी म्हटलं, कुणालाच नाही. मदतनीस? नाही. आई समोर बसून नाड्या करत होती आणि मी म्हटलं, मदतनीस नाही! तिची खाट मी मोजली. तिचे हात मोजले नाहीत. कारण त्या हातांना कधी पैसे दिले नाहीत. जे फुकट मिळतं ते दिसत नाही म्हणतात, पण माझे डोळे इतके फुटले होते?

खाली जाऊन काकांना सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले. मग म्हणाले, "मी पण तिथेच बसून चहा प्यायलो आहे, बेटा. मलाही दिसलं नाही."

६ मार्च

पलीकडच्या गल्लीतली एक बाई नाड्या करायला ठेवली. नाडीला आठ मागते. म्हणजे एप्रनला चोवीस. एकशे तेहेतीस अधिक चोवीस, एकशे सत्तावन्न. विकते एकशे पन्नासला. वरचे सतरा गेलेच, माझ्या मजुरीतलेही सात गेले. जितके जास्त शिवीन तितके जास्त जातील.

काल आईला फोन केला, हे सांगायला नाही, सहजच. "नाड्या कोण करतंय?" हाच पहिला प्रश्न! मी म्हटलं, ठेवलीय एक बाई. ती म्हणाली, "तिला सांग, पिन नाडीच्या मध्यातून न्यायची, कडेने नाही. कडेने नेली की पिळते." मग म्हणाली, "पैसे घेते का ती?"

हो म्हटलं. "घेऊ दे. काम आहे ते," म्हणाली.

१५ मार्च

साठ एप्रन परत आले. नाड्या पिळल्या. "ताई, हा तुमचा माल वाटत नाही," गणवेशवाला म्हणाला.

रात्रभर उसवत बसले.

२३ मार्च, रविवार

दादाचा फोन. आई तशी बरी आहे. फक्त मोज्यांच्या मागे लागलीय म्हणाला. घरातले सगळे मोजे उलटे करते, मग सुलटे करते, मग परत उलटे. वहिनीने हसत हसत कपाटाला कुलूप लावलं. नंतर तिलाच वाईट वाटलं म्हणे. जुन्या चादरीच्या पट्ट्या काढून दिल्या तिने आईला. आईने हातात घेऊन ठेवून दिल्या. "ह्या कुणाच्या आहेत?" विचारलं. कुणाच्याच नाहीत म्हटल्यावर हात लावला नाही.

खोट्या कामाला ती कशाला हात लावेल!

फोन तिच्याकडे दिला. मी "आई" म्हटलं. ती म्हणाली, "कोण बोलतंय? चिमीला द्या."

लाइन खराब असेल.

१३ एप्रिल, रविवार

आज जाऊन आले. चार तास बस. दादाच्या घरात आईला स्वतंत्र खोली आहे. मऊ गादी, पंखा, खिडकीबाहेर झाड. वहिनी तिचे केस विंचरत होती. नावं ठेवायला कुठेही जागा नाही. असती तर बरं झालं असतं, भांडून तरी आले असते.

आईने मला बघितलं. ओळखायला वेळ लागला. चेहरा कोरा होता, मग हळूच ती माझी झाली. "चिमे! माल पोचवलास का?" पोचवला म्हटलं. पुन्हा पाच मिनिटांनी, "माल पोचवलास का?" माझ्या ओढणीचं टोक तिने हातात घेतलं होतं आणि अंगठ्याने त्याची शिवण चाचपत होती. जेवायला बसल्यावरही सोडलं नाही.

दादाने तिला डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं, हे आतून आधीच सुरू झालेलं असणार. ठरलेल्या कामाने, ठरलेल्या जागेने अशी माणसं स्वतःला सांभाळून नेतात. ती घडी मोडली की घसरण सुरू होते. दादा म्हणाला, "मी तिला काडी उचलू दिली नाही गं." रडायला लागला. त्याचं काय चुकलं? त्याने प्रेमच केलं. मी काय केलं ते मला माहीत आहे.

निघताना वहिनीने दाराशी विचारलं, "तुमचे सहा महिने कधी संपतात?"

१४ एप्रिल

ऑगस्टमध्ये.

२७ एप्रिल

ऑगस्टपर्यंत थांबणार नाही. ठरलं.

गणवेशवाल्याकडे गेले. म्हटलं, लेखी मोडायचंय. तो कागद काढून दाखवायला लागला. आगाऊ परत दे, वर दंड. देईन म्हटलं. "ताई, एवढी चांगली ऑर्डर कुणी सोडतं का? घाट्यात जाल."

"घाट्यातच आहे," म्हटलं. "मोजायला उशीर झाला एवढंच."

दंडापायी ठेवीतले चार महिने गेले. जाऊ देत.

३ मे, शनिवार

काका आणि मी नव्याने बसलो. ह्या वेळी दुकानदार नाही. दवाखाना, बेकरी, तीन केशकर्तनालयं — थेट जाऊन विचारलं. नाड्या ओढून दाखवल्या, जुन्या, आईच्या. दोन वर्षं धुतलेल्या एप्रनच्या. बेकरीवाल्या बाईने स्वतःच्या एप्रनची नाडी पुढे केली, वळलेली वात झाली होती तिची. भाव विचारला. एकशे नव्वद म्हटलं, आवाज न थरथरता. "साठ द्या," म्हणाली! मी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, भाव की नग? नग, म्हणाली. म्हणजे पहिल्याच दारात साठ एप्रन!

सगळे मिळून महिन्याला एकशे दहा होतात. तेवढ्याला जुनं छोटं टेबल पुरतं.

काकांनी रकाने आखले. कापड. दोरा. वरखर्च. माझी मजुरी. मग त्यांनी एक नवा रकाना आखला आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. मी लिहिलं — आईचा पगार, नगाला चोवीस.

बेरीज एकशे पंच्याऐंशीच्या आसपास येते. पाच सुटतात. फार नाहीत. पण खरे आहेत.

१७ मे, शनिवार

मोठं टेबल विकलं. घेतल्याच्या निम्म्याला. काकांकडे ठेवलेली खाट आणून लावली. खिडकीपाशी, तिथेच. जमिनीवर पायांचे चार डाग अजून होते, त्यांवर बरोबर बसवली. उशीला नवा अभ्रा. एका पाकिटात पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ घातला, दोन हजार सहाशे चाळीस. वर तिचं नाव लिहिलं. आईला पाकीट देताना काय म्हणायचं ते दोनदा आरशासमोर म्हणून बघितलं. वेडीच आहे मी.

१८ मे, रविवार

आणलं तिला! दारात पाऊल ठेवताच म्हणाली, "पडदा ओढला नाहीस." वाटेत बसमध्ये दोनदा मला चिमे म्हणाली. खाटेवर बसली, टोपलीतली नाडी उचलली, पिन घेतली आणि मध्यातून नेली. सपाट! सहा नाड्या केल्या संध्याकाळपर्यंत. मी मशीनवर बसून रडत होते, पाठ तिच्याकडे करून. मशीनच्या आवाजात ऐकू जात नाही.

सगळं बरं होणार. वाटतंय तसं.

२० मे, मंगळवार

आज तिला पाकीट दिलं. तिने उघडून बघितलं, नीट बंद केलं, आणि दोन्ही हातांनी मला परत केलं. मग अगदी खालच्या आवाजात, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "बाई, पैसे नकोत मला. सगळ्या नाड्या करून देत जाईन. फक्त ह्या कोपऱ्यात राहू द्या. माझ्या लेकीकडे जागा नाही हो."